साडेअठरा सेंटिमीटरची रेघ: एका डेकोर ऑर्डरचं प्रकरण

आमचं पुण्यात छोटं दुकान आहे, प्रिंटिंग आणि फ्रेमिंगचं. लग्नाचे फोटो, देवाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं, कुणाच्या आजोबांचा फाटलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो जोडून देणे, असली कामं. मागची पाचसहा वर्षं नकाशांचं फॅड आलंय, विशेषतः हॉटेलवाले आणि टूरवाले, त्यांना भिंतीवर 'जुन्या टाइपचा' नकाशा पाहिजे असतो, पिवळट कागद, शाईचे डाग, कोपऱ्यात होकायंत्र. आम्हीही छापतो, पैसे बरे मिळतात. त्यातल्या एका ऑर्डरची ही गोष्ट आहे, सविस्तर लिहितोय कारण या धंद्यातल्या बाकीच्यांना उपयोगी पडेल, आणि आम्ही जवळजवळ शेण खाल्लं होतं हेही कबूल करायला पाहिजे.

गिऱ्हाईक म्हणजे लडाखच्या टूर काढणारा एक तरुण. नवीन ऑफिस घेतलं होतं, म्हणाला दादा एका भिंतीवर तीन मोठे नकाशे पाहिजेत, चोवीस बाय छत्तीस इंच, काळं मोल्डिंग, आणि ते बरे दिसले तर त्याचेच छोटे प्रिंट काढून पन्नास सेट टूरच्या लोकांना विकायचेत, आठवण म्हणून. हे दुसरं वाक्य त्याने जाता जाता टाकलं आणि मीही जाता जाता ऐकलं. पुढे सगळा घोळ त्या पन्नास सेटमुळेच झाला, एकट्या भिंतीचा प्रश्न एवढा मोठा नव्हता.

फाइली त्यानेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या (डॉक्युमेंट म्हणून पाठव असं तीनदा सांगितल्यावर). पहिली जेम्स रेनेल या इंग्रज सर्वेअरचा १७८२ चा 'हिंदुस्तान'. दुसरी भारत सरकारचा १९५० चा एक नकाशा. तिसरी अमेरिकन लष्कराचा विमानांसाठीचा चार्ट, टॅक्टिकल पायलटेज चार्ट, शीट जी-७डी, एकास पाच लाख स्केल, त्यात काराकोरम. तिसरा दिसायला सगळ्यात देखणा होता, म्हणजे खरंच, कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषा बोटाच्या ठशासारख्या दाट, मधून हिमनद्यांचे फिकट पट्टे उतरलेले. आमच्या डीटीपीवाल्या पोरीने रंग थोडे जुनाट केले, एक प्रूफ काढलं आणि वाळायला चिमट्याला टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक काका आले, सातारा जिल्ह्यातले, फौजेतून रिटायर झालेले, पलटणीचा ग्रुप फोटो फ्रेम करायला. मी काचेचं माप घेत होतो तोवर ते त्या प्रूफसमोर जाऊन उभे राहिले. चष्मा काढला, परत घातला, मग एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू उजवीकडे वर नेलं.

"अवो शेठ, ही रेघ कुणी मारली?"

म्हणलं काका नकाशाच तसाय, अमेरिकन आहे, जुना.

"जुना असू दे की. ह्या रेघंच्या हिशोबानं मी तीन महिनं पाकिस्तानात हुतो म्हणायचं."

मग त्यांनी परत बोट खाली आणलं आणि म्हणाले हे बघा, नाइन एट फोर टू, इथं रेघ संपते, ह्याच्या पुढं रेघच नाय.

मला तोपर्यंत एनजे ९८४२ म्हणजे कुठल्यातरी चौकीचं नाव असेल असं वाटायचं. ते गाव नाही, शिखर नाही, नकाशावरच्या चौकटीतला एक पत्ता आहे फक्त. २७ जुलै १९४९ ला कराचीत भारत-पाकिस्तानची युद्धबंदी रेषा ठरली तेव्हा रेषा त्या बिंदूपर्यंत आणली आणि पुढे लिहिलं की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. बस, एवढंच. पुढे नुसतं बर्फ, तिथं कोण मरायला जाणार, म्हणून कुणी मोजलं नाही. १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली तीही त्याच बिंदूला येऊन थांबली. आता 'उत्तरेकडे' म्हणजे काय यावर सगळं भांडण. आपलं म्हणणं सियाचीन हिमनदीच्या पश्चिमेच्या साल्तोरो रांगेच्या माथ्यावरून, पाकिस्तानचं म्हणणं तिथून ईशान्येला सरळ काराकोरम खिंडीपर्यंत. आणि साठच्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकन चार्टांवर नेमकी ती दुसरी रेघ यायला लागली, बिंदूपासून खिंडीपर्यंत, म्हणजे अख्खं सियाचीन पलीकडे. दोन्ही टोकांमधलं अंतर सरळ मोजलं तर नव्वद किलोमीटरच्या थोडं वर भरतं, म्हणजे मूळ आकाराच्या शीटवर साधारण साडेअठरा सेंटिमीटर. आमच्या स्टीलच्या फूटपट्टीच्या दोन तृतीयांशही नाही.

त्या रेघेने काय केलं तेही काकांनीच सांगितलं, मी नंतर घरी जाऊन वाचलं. कर्नल नरेंद्र कुमार, ज्यांना सगळे 'बुल' कुमार म्हणायचे, त्यांना १९७७ च्या सुमाराला एका जर्मन राफ्टरकडच्या नकाशात ही रेघ दिसली. नदीत उतरायचा बेत आखायला आणलेला साधा नकाशा होता तो. त्यांनी तो वरपर्यंत नेला, १९७८ ला स्वतः मोहीम घेऊन हिमनदीवर गेले, आणि तिकडे पाकिस्तान परदेशी गिर्यारोहकांना त्या भागात चढाईचे परवाने देत होतंच. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत झालं, आपली फौज साल्तोरोवर जाऊन बसली ती आजही तिथेच आहे. रेघ हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही, पण ती कुणाच्या तरी टेबलावर पडलेल्या नकाशात होती आणि बघणाऱ्याला ती कळली एवढं खरं. माझ्या दुकानात ती दोन दिवस चिमट्याला टांगलेली होती आणि मी तिच्याखाली डबा खाल्ला.

गिऱ्हाइकाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा विंटेज आहे ते, कोण एवढं बघतंय." आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही. रेनेलचा नकाशा बघा ना, त्यात कोपऱ्यातल्या चित्रात ब्राह्मण आपल्या पोथ्या ब्रिटानियाच्या, म्हणजे बाईच्या रूपात काढलेल्या ब्रिटनच्या, हवाली करतायत, म्हणजे कंपनी सरकार तुमचे शास्त्र सांभाळेल असा सरळ सरळ प्रचार आहे, आणि तो नकाशा आपण आवडीने दिवाणखान्यात लावतो, मीच किती विकलेत. पण त्या नकाशातल्या सीमांवरून आज कुणी भांडत नाहीये, निजाम आणि पेशवे यांच्या हद्दीवर कुणाचं पोरगं तैनात नाही. १७८२ चा नकाशा हा जुना झालाय. १९७० च्या आसपासचा नकाशा नुसता पिवळा केलाय आम्ही.

मग पोरगी म्हणाली, दादा मी रेघ काढून टाकते, दहा मिनिटांचं काम आहे. आणि खरंच काढली. आजूबाजूचे कंटूर उचलून तिथे भरले, इतकं सफाईदार की मला माहीत असूनही जागा सापडेना. मी खूश झालो होतो आधी, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी शटर ओढताना परत बघितलं आणि पोटात गोळा आला, कारण खाली कोपऱ्यात चार्टचं मूळ नाव, शीट नंबर, एडिशन सगळं तसंच होतं. म्हणजे बघणारा काय समजणार, की अमेरिकेने अशीच शीट छापली होती. आम्ही डेकोर करत नव्हतो, आम्ही कागदपत्र बनवत होतो.

आणि हे सीमेच्या बाबतीत आधी झालेलंय, आपल्याच दिल्लीत, इंग्रजांच्या काळात. भारत आणि तिबेटमधली मॅकमहोन रेषा १९१४ च्या सिमला परिषदेतली, पण नंतर वीसेक वर्षं ती कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. १९३५ नंतर ऑलाफ कॅरो नावाच्या अधिकाऱ्याने फायली उकरल्या, आणि करारांच्या सरकारी संग्रहाचा चौदावा खंड १९३८ ला नव्याने छापला, त्या परिषदेचा मजकूर घालून, पण वर साल घातलं मूळ खंडाचंच, १९२९. जुन्या प्रती परत मागवून नष्ट केल्या. एक प्रत हार्वर्डच्या ग्रंथालयात राहिली आणि त्यामुळे सगळं बाहेर आलं. तेव्हा एकोणतीस साली कुणीतरी काय म्हणत होतं आणि अडतीस साली काय म्हणावंसं वाटलं हे एकाच तारखेखाली कोंबलं. आमच्या पोरीने दहा मिनिटांत केलं ते याच जातीचं काम, फक्त आमच्याकडे साम्राज्य नाहीये. फाइल डिलीट केली. तिला थोडं वाईट वाटलं, काम खरंच छान झालं होतं.

गिऱ्हाइकाची पुढची आयडिया, स्टिकर लावू. म्हणलं ते पण झालंय बाबा. मे २०११ मध्ये इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाच्या भारतातल्या २८,००० प्रतींवर काश्मीरच्या नकाशावर पांढरे स्टिकर हाताने चिकटवावे लागले होते, आणि माणसाचा स्वभाव असा की ज्यांनी ते पान उलटून सोडून दिलं असतं त्यांनीही मग नखाने ते उकलून बघितलं असणार. भिंतीवरच्या फ्रेममध्ये पांढरा चौकोन म्हणजे तर आमंत्रणच.

दरम्यान एका वकील मित्राला विचारलं. त्याने सांगितलं ते साध्या भाषेत असं: १९६१ चा एक फौजदारी दुरुस्ती कायदा आहे, त्यात १९९० ला पोटकलम घातलं, की जो कुणी भारताचा नकाशा प्रसिद्ध करेल आणि तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसेल त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यात 'शोभेसाठी असेल तर चालेल' असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रसिद्ध करणे हा शब्द महत्त्वाचा, म्हणाला तुझ्या गिऱ्हाइकाने घरात एक मूळ शीट लावली आणि तू पन्नास छापून विकलीस यात फरक आहे, आणि तू छापणारा आहेस हे विसरू नकोस. बाहेरून मागवायचं म्हटलं तर कस्टमच्या मनाई यादीत भारताच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवलेले नकाशे आहेतच, म्हणजे लंडनहून कुणी मूळ प्रिंट मागवला तरी पार्सल अडकू शकतं. आणि हा काही फक्त आपल्याकडचा हट्ट नाही. २०१९ मध्ये चीनमध्ये चिंगदाओला २८,९०८ नकाशे नष्ट केले, ८०३ खोके भरून, तैवान वेगळा देश आणि भारत-चीन सीमा त्यांच्या मते चुकीची म्हणून. ते नकाशे परदेशात जायचे होते, चिनी भिंतींवर लागणारसुद्धा नव्हते.

आता मला वाटलं तिसरा नकाशा बाजूला काढला की सुटलो. तर पोरीने दुसरी फाइल मोठी करून दाखवली. भारत सरकारचा, १९५० चा, आपलाच. त्यात अक्साई चीनच्या, म्हणजे लडाखच्या पूर्वेच्या, आज चीनकडे असलेल्या पठाराच्या बाजूला ठळक रेघच नाही, तिथे सीमा अनिश्चित असं छापलंय. पूर्वेला मॅकमहोन रेषा आहे पण काश्मीरच्या त्या टोकाला नुसती मोकळी जागा आणि दोन शब्द. का, तर इंग्रजांनी तिकडे स्वतःच नक्की काही ठरवलं नव्हतं. जॉन्सन नावाचा सर्वेअर १८६५ ला पलीकडच्या खोतान शहरापर्यंत जाऊन आला, त्याच्या नकाशावरून निघालेल्या रेषेत अक्साई चीन काश्मीरमध्ये येतो, आणि १८९९ ला इंग्रजांनी चीनला जो प्रस्ताव पाठवला त्यात अक्साई चीनचा बराचसा भाग चीनकडे जातो. चीनने त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. मग जुलै १९५४ ला नेहरूंनी टिपण काढलं की आता नवीन नकाशे छापा, त्यात अनिश्चित वगैरे शब्द नकोत, सीमा पक्की दाखवा. जुने नकाशे मागे घेतले. पुढे चीनने तिथून रस्ता काढला तो १९५७ ला जाहीर झाला आणि १९६२ चं सगळ्यांना माहितीये.

म्हणजे गंमत बघा, १९५० चा सरकारी नकाशा आजच्या सरकारी नकाशाशी जुळत नाही. पोरीने विचारलं, दादा मग सरकारचाच नकाशा छापला म्हणून आपल्याला आत टाकतील का? मला उत्तर आलं नाही. वकील मित्र हसला आणि म्हणाला तू हे कोर्टात जाऊन विचारणार आहेस का. नाही विचारणार. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर तीनपैकी सगळ्यात खरा नकाशा तोच होता, कारण जिथे ठरलेलं नाही तिथे ठरलेलं नाही असं त्याने लिहिलंय. अमेरिकन शीटने मात्र कुणी न आखलेली रेघ तयार करून दिली. अमेरिकन सरकारी नकाशांवर बरेचदा बारीक अक्षरात टीप असते की सीमा अधिकृत समजू नये. ती टीप चोवीस बाय छत्तीसच्या फ्रेममध्ये माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, जाते, कारण आम्ही चारी बाजूंनी दोन इंच बॉर्डर ठेवतो. (फ्रेमवाल्यांच्या भाषेत त्या कोऱ्या पट्ट्याला बॉर्डरच म्हणतात. या ऑर्डरमध्ये 'बॉर्डर किती ठेवू' असं विचारायची मला लाज वाटायला लागली होती.)

एक हिशोब मी उगाचच करून बघितला, डोक्यातून जात नव्हता म्हणून. एकास पाच लाख स्केलवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. मॅकमहोन साहेबाचा नकाशा एका इंचाला आठ मैल, म्हणजे जवळपास हेच स्केल, आणि त्यावर लाल शाईने जाड रेघ ओढलेली. म्हणजे नुसत्या शाईच्या जाडीत डोंगराचा एक अख्खा माथा आणि त्याच्या दोन्ही बाजूचे उतार बसतात. आम्ही दुकानात माउंट कापताना एक मिलिमीटर इकडे तिकडे झाला तर 'चलता है' म्हणतो.

शेवटी काय केलं. गिऱ्हाइकाला दुकानात बोलावलं, चहा पाजला, दोन्ही प्रूफ समोर ठेवली आणि काकांनी जे मला सांगितलं ते जसंच्या तसं त्याला सांगितलं, पाकिस्तानात तीन महिने वगैरे. तो गप्प झाला. त्याच्या टूर नुब्राला जातात, सियाचीन बेस कॅम्पच्या रस्त्याला, आणि त्याच्या ऑफिसात बुकिंगला येणाऱ्यांत फौजी कुटुंबं असतात, हे त्याचं त्यालाच आठवलं. मला कायद्यापेक्षा ते जास्त कामाला आलं असं वाटतं, सहा महिने कैद म्हटल्यावर तो फक्त वैतागला होता.

अमेरिकन चार्ट पूर्ण रद्द. १९५० वाला पन्नास सेटमधून काढला. भिंतीवर एक लावू का म्हणून तो अडून बसला होता, मी म्हणलं लावायचा तर मूळ शीट मिळव कुठूनतरी, मी छापणार नाही. रेनेल राहिला, ब्रिटानियासकट. आणि काराकोरमच्या जागी आम्ही १९१२ च्या वर्कमन मोहिमेचा सियाचीनचा नकाशा घेतला. फॅनी बुलक वर्कमन, अमेरिकन बाई, नवऱ्यासोबत मोहीम नेलेली, सर्वे ग्रँट पीटरकिनने केला आणि मदतीला सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंग होते. तो सर्वे हिमनदीचा होता, देशांचा नव्हता, आणि कराचीतली रेषा यायला अजून सदतीस वर्षं होती. नकाशासोबत बाईंचा तो प्रसिद्ध फोटोही छापला, साधारण एकवीस हजार फुटांवर हातात 'व्होट्स फॉर विमेन' लिहिलेलं वर्तमानपत्र धरून उभ्या आहेत. गिऱ्हाइकाच्या बायकोला फोटो इतका आवडला की आता नकाशा लहान आणि फोटो मोठा करा असा मेसेज आला. बाल्टी भाषेत सियाचीन म्हणजे जंगली गुलाबांची जागा, ते त्याने खाली मराठीत कॅप्शनला टाकलं. हक्कांचा प्रश्न नव्हता, पुस्तक १९१७ चं आहे.

धंद्याच्या हिशोबाने नुकसानच झालं, दोन मोठी प्रूफ, पोरीचे दीड दिवस, आणि तीन नकाशांचे सेट दोनांचे झाले. त्यानंतर मी ऑर्डर घेताना एकच प्रश्न वाढवलाय, की भिंतीला की विकायला, आणि नकाशा १९४७ च्या नंतरचा असेल तर फाइल आधी मोठी करून उत्तरेचा भाग स्वतः बघतो, रंग बिंग नंतर.

काका आठवड्याने फोटो न्यायला आले. रेघवालं प्रूफ कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं होतं, फाडायचं राहिलं होतं. म्हणाले हे टाकणार असाल तर मला द्या. म्हणलं काका, चुकीचं आहे ना ते. ते म्हणाले रेघ चुकीची आहे, डोंगर बरोबर आहेत. काउंटरवर पसरलं, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि 'बिलाफोंड ला' ही खिंड कुठे, 'सिया ला' ही खिंड कुठे, आणि जिथे त्यांनी तीन महिने काढले ती जागा कुठे, अशा तीन बारीक फुल्या मारल्या, रेघेच्या बऱ्याच वर. मग विचारलं काच कुठली लावणार, साधी नको, घरात समोर ट्यूबलाइट आहे, चमकली तर काय दिसत नाय.